दुरून डोंगर साजरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षीणबाई, मंडळाच्या भगिनींनो, आणि मागच्या रांगेत चहाची वाट पाहत बसलेल्या शेजारी मंडळींनो,

गेल्या वर्षी याच दिवशी मी उन्हाळी वाळवणांवर बोलले होते. त्यामुळे यंदा चिटणीसबाईंनी विषय विचारला आणि मी ‘आफ्रिकेतील खाणींचे नकाशे’ असे सांगितले, तेव्हा त्यांना ती थट्टाच वाटली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले. मी दुसऱ्यांदा तेच सांगितले. मग त्या म्हणाल्या, “बरे, पण बायकांना समजेल असे बोला हो.” हे वाक्य मला नोकरीच्या तीस वर्षांत पुष्कळांनी ऐकविले आहे. आपल्याला काय समजते आणि काय नाही, हे सांगणाऱ्यालाच बहुधा विषय समजलेला नसतो. चिटणीसबाईंनी राग मानू नये. त्यांनी मला पाऊण तास दिला आहे, तेव्हा त्यांना विषय समजला आहे असे मी धरून चालते.

तर हे खूळ माझ्या डोक्यात कसे शिरले ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत माझी नात आली होती. मी निवृत्त झालेली, गुडघे दुखतात म्हणून फिरणे कमी झालेले, दुपारी झोप येत नाही. ती म्हणाली, “आजी, तू भूगोल शिकवायचीस ना? मग ही मालिका बघत बसण्यापेक्षा नकाशा काढ.” मला वाटले, पोरगी चेष्टा करते आहे. पण तिने संगणक उघडला आणि एका मोठ्या, मोकळ्या नकाशापुढे मला बसविले.

त्या नकाशाचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने तो सुरू केला. तो कोणा कंपनीच्या मालकीचा नाही. आपल्याकडे भंडाऱ्याला जसा प्रत्येक घरातून शिधा येतो, कोणी पायलीभर तांदूळ घालतो, कोणी मूठभर डाळ, तसा हा नकाशा जगभरच्या लोकांनी आपापल्या वेळातून घातलेल्या रेघांचा झाला आहे. जेवायला मात्र सर्वांना मुभा. कोणीही तो फुकट वापरावा.

काम ऐकायला अवघड, करायला सोपे. पडद्यावर विमानातून किंवा उपग्रहावरून घेतलेले छायाचित्र येते. त्यात दिसेल त्यावरून आपण रेघ ओढावयाची. रस्ता असेल तर रेघ, घर असेल तर चौकोन, विहीर असेल तर ठिपका. मग ती रेघ कशाची, हे तिला चिकटवावयाचे. ज्या बाईने आयुष्यभर अंगणात ठिपके मोजून रांगोळी काढली, तिला हे शिकायला दोन दुपारी पुरतात. एकच नियम कडक आहे: दुसऱ्याच्या छापील नकाशावरून नक्कल करावयाची नाही. आणि आपण काढलेले कोणीही पाहू शकतो, कोणीही दुरुस्त करू शकतो. शिक्षिकेला ही गोष्ट जरा जड जाते. लाल शाई आयुष्यभर आपल्या हातात असते ना!

आता आफ्रिकाच का? सांगते. या मोकळ्या नकाशात युरोपातील झाडाझाडाची नोंद सापडते, पण कित्येक गरीब देशांत गावेच्या गावे कोरी असतात. म्हणून स्वयंसेवक एकेका भागाचे चौकोन पाडून ते वाटून घेतात. लेसोथो हा दक्षिण आफ्रिकेच्या पोटात वसलेला डोंगराळ देश. तेथील नियोजन खात्याच्या लोकांनी आणि आयर्लंडमधील मंडळींनी मिळून २०१४ नंतरच्या काही वर्षांत त्या देशाचा नकाशा असाच भरून काढला. नातीने मलाही असे काही चौकोन दाखविले. पुष्कळसे मला कंटाळवाणे वाटले. पण जोहान्सबर्गच्या बाजूचे छायाचित्र उघडले आणि मी पुढे वाकून पाहिले. शहराच्या अगदी कुशीत पिवळट, सपाट माथ्याचे, कडा कापल्यासारखे डोंगर. मी लगेच म्हटले, “हे देवाने केलेले नाहीत.”

भगिनींनो, आपण चंद्रपूरची माणसे. आपल्याला असे डोंगर ओळखायला शिकवावे लागत नाही. कोळशावरची माती-दगड काढून रचलेले ओबीचे डोंगर आपल्या पाहुण्यांना पावसाळ्यात हिरवेगार दिसतात आणि ते विचारतात, “ही टेकडी कोणती?” आपण हसतो. तसेच मी त्या पिवळ्या डोंगरांकडे पाहून हसले. पण ते कोळशाचे नव्हते. ते सोन्याचे होते. अर्थात सोने काढून घेतल्यानंतर उरलेल्या राबाचे.

१८८६ साली त्या माळावर सोने सापडले आणि जोहान्सबर्ग वसले. झुलू भाषेत त्या शहराला ‘एगोली’ म्हणतात, म्हणजे सोन्याचे ठिकाण. जगात आजवर जितके सोने जमिनीतून निघाले, त्याचा सुमारे तिसरा हिस्सा या एका पट्ट्याने दिला असे मानतात. पण ते सोने आपल्या कल्पनेतील गोळ्यांच्या रूपाने सापडत नाही. ते खडकात इतके बारीक विखुरलेले असते की डोळ्यांना दिसतही नाही. खडक खोलवरून वर आणावयाचा, पिठासारखा दळावयाचा, आणि सायनाइडच्या पाण्यात त्यातील सोने विरघळवून घ्यावयाचे. हे तंत्र जोहान्सबर्गला १८९० च्या सुमारास आले आणि तेथून ढिगाऱ्यांना धरबंध राहिला नाही. चांगल्या खाणीतही टनभर खडकातून पाच-दहा ग्राम सोने हाती लागते. आपले एक तोळ्याचे मंगळसूत्र घ्या. त्यामागे एक-दोन टन दळलेला खडक कोठे तरी पडलेला असतो. तो कोठे पडला आहे, हे मी दोन वर्षे काढते आहे.

हा राब पाण्यात कालवून नळांनी वाहून नेतात आणि बांध घालून साठवितात. पाणी उडते, गाळ बसतो, मग त्यावर आणखी एक पायरी. असा तो चढत जातो. त्यात गंधकयुक्त लोखंड असते. पाऊस-वारा लागला की त्यातून आम्ल निघून ओढ्यात उतरते. युरेनियमही असते. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात, तेथला हिवाळा संपताना पाऊस नसतो आणि वारे सुटतात, तेव्हा हा पिवळा भुगा घरांवर येतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर, उघड्या पातेल्यांत, लेकरांच्या नाकातोंडात. ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने सांगितली नसती तरी कळली असती. कोळशाच्या गावात मी धुणे वाळत घातले आहे.

माझ्या फजितीही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर भाषण म्हणजे आत्मस्तुती व्हावयाची. मी सराव केला तो चंद्रपूरच्या छायाचित्रांवर. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दुपारी दक्षिणेकडे कलतो. म्हणून छायाचित्रात सावली वरच्या बाजूस, उत्तरेकडे पडते. त्या सावलीवरून उंची-खोली ओळखण्याची डोळ्यांना सवय झाली. विषुववृत्ताच्या पलीकडे हे सगळे उलटे. सूर्य उत्तरेला, सावली दक्षिणेला. मी तीस वर्षे हा धडा सातवीला शिकविला, त्यावर पोरांना छड्याही दिल्या असतील. आणि मी स्वतः एका उघड्या खाणीच्या प्रचंड खड्ड्याला डोंगर समजून मोकळी झाले! दुसऱ्या दिवशी कोणी तरी ते सभ्यपणे पालटून ठेवले होते. नातीला मी हे सांगितले नाही. आज तुम्हांला सांगते आहे, तेव्हा तिच्या कानावर जाईलच.

दुसरी फसगत पाणथळांची. त्या देशाच्या मधल्या कोरड्या भागात हजारो उथळ तळी आहेत, तेथे त्यांना ‘पॅन’ म्हणतात. पावसात पाणी, एरवी खारट पांढरा तळ. वरून पाहिले तर गोल, पांढरी, कडा धुतल्यासारख्या. खाणीच्या गाळाचे तलावही कधी कधी अगदी तसेच दिसतात. फरक एवढाच की निसर्गाने केलेल्या तळ्याला पायऱ्या नसतात, आणि त्याच्या काठावरून एकसारखा गाडीरस्ता फिरत नाही. काठावर रस्ता दिसला की समजावे, येथे माणूस राखण करतो आहे. आणि जेथे माणसाला पाण्याची राखण करावी लागते, तेथे काही तरी फुटण्याचे भय असते.

काही गोष्टी मात्र नुसत्या पाहतच राहाव्या अशा आहेत. जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला फ्रेडेफोर्ट नावाच्या गावाभोवती डोंगरांचे अर्धे कडे आहे. सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तेथे आकाशातून प्रचंड पाषाण आदळला. आपल्या बुलढाण्याचे लोणार त्याच जातीचे, पण त्याच्यापुढे अगदी तान्हे बाळ. त्या आघाताने आजूबाजूचे थर दुमडले, काही खोल गाडले गेले, आणि म्हणूनच त्यांतील सोने झिजून वाहून गेले नाही असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. झिंबाब्वेत तर सुमारे साडेपाचशे किलोमीटर लांबीची एक सरळ पट्टी देशाच्या मधोमध ओढलेली दिसते. तिच्यात क्रोमियम आणि प्लॅटिनम. किंबर्लीला हिऱ्यांसाठी १८७१ ते १९१४ पर्यंत कुदळी-फावड्यांनी खणलेला खड्डा आहे, शहराच्या मध्यावर, आता पाण्याने भरलेला. आणि लेसोथोत लेत्सेंग येथे, तीन हजार मीटर उंचीवर, १९६७ साली अर्नेस्टिन रामाबोआ नावाच्या बाईला ६०१ कॅरटचा हिरा सापडला. ते ठिकाण मी मुद्दाम शोधून पाहिले. आज तेथे मोठी यंत्रांची खाण आहे. त्या बाईने खणले ती जागा यांतील नेमकी कोणती, हे वरून कोण सांगणार?

आता ज्यासाठी मी आज उभी राहिले ते सांगते.

गेल्या वर्षी श्रावणात माझ्याकडे जोहान्सबर्गच्या पूर्वेकडील एक चौकोन होता. त्यात एक गाळाचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी चकाकणाऱ्या पत्र्यांचे लहान लहान तुकडे, वाटेल तसे पडलेले. आपल्याकडे खाणीच्या आवारात मोडके टिप्पर, पत्रे, पाइप टाकून देतात, तसेच मला ते वाटले. मी त्या सगळ्याभोवती एक सुबक वळसा काढला, ‘खाणीचे भंगार-आवार’ अशी नोंद केली, आणि देवाजवळ दिवा लावायला उठले. काम चोख झाल्याचे समाधान होते, हेही कबूल करते.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. लिहिणाऱ्या बाई तिकडच्याच, आरोग्यसेविका. त्यांनी आधी माझे आभार मानले. मग लिहिले की ते भंगार नव्हे, तेथे लोक राहतात, आणि मी दर सोमवारी तेथे लहान मुलांची वजने घ्यायला जाते. पुढे एक ओळ होती. पाऊलवाटा नीट पाहा, म्हणजे तुम्हांला दिसेल.

मी पुन्हा छायाचित्र उघडले. या खेपेस पत्रे सोडून दिले आणि त्यांच्या मधली माती पाहिली. तुडवून तुडवून पांढऱ्या झालेल्या पाऊलवाटा. भंगारात कोणी इतक्या वाटा पाडत नाही. आणि सगळ्या वाटा, आडव्यातिडव्या जाऊन, शेवटी एकाच ठिपक्याला मिळत होत्या. तो नळ होता. सगळ्या वस्तीला मिळून एक.

भगिनींनो, मी संगणक बंद केला. त्या दिवशी मी काही काढले नाही.

तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की माझे लहानपण खाणीवरच्या झोपड्यांत गेले. तेव्हा या गावाला चांदा म्हणत. वडील खाणीवर हजेरी घेत. आमच्या वस्तीत शंभरावर घरे होती, कुडाची आणि पत्र्याची. नळ नव्हता. खाणीतून उपसून टाकलेले पाणी चरातून वाहत येई, ते निवळून माझी आई वापरी. पिण्याचे पाणी पाऊण मैलावरून आणावयाचे. त्या बाजूला सरकारी नळ येणार असे कळले तेव्हा वडील दोघा-चौघांना घेऊन एका कचेरीत गेले. तेथील कारकुनाने कपाटातून नकाशा काढून मेजावर पसरला आणि बोट ठेवून दाखविले. आमच्या जागेवर कोरा कागद होता. ‘पडीक जमीन’ अशी अक्षरे. तो म्हणाला, “येथे कोणी राहतच नाही, मग नळ कोणासाठी?” वडील मोठे शांत गृहस्थ. घरी येऊन त्यांनी आईला एवढेच सांगितले, “आपण तेथे नाही म्हणे.” नळ दुसऱ्या बाजूने गेला. आम्ही ती वस्ती सोडली तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि तोवर कळशी माझ्या कमरेवर होती.

आणि त्या कारकुनाने जे केले तेच मी केले. त्याला निदान जुना नकाशा पाहून बोलावयाचे होते. मी तर डोळ्यांनी पाहून ‘भंगार’ असे लिहिले.

पुढच्या दोन दुपारी मी तेथील एकेक घर काढले. एकशे त्रेचाळीस भरली. नळाचा ठिपका ठेवला, पाऊलवाटा काढल्या. मग वस्तीच्या पहिल्या घरापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंतचे अंतर मोजले. आपल्या शाळेच्या मैदानाएवढेही भरले नाही. हे अंतर मी उगीच मोजले नाही. १९९४ साली फेब्रुवारीच्या २२ तारखेस त्याच देशात मेरीसप्रुट नावाच्या वस्तीवर, सायंकाळच्या वादळी पावसानंतर रात्री, असाच एक गाळाचा बांध फुटला होता. तो ३१ मीटर उंच होता. सर्वांत जवळचे घर तीनशे मीटरच्या आसपास. सुमारे सहा लाख घनमीटर गाळ घरांतून गेला आणि १७ माणसे मेली. आणि अगदी अलीकडे, ११ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी पहाटे, यागर्सफोंटेन या जुन्या हिऱ्यांच्या गावी पुन्हा तेच. तेथील गाळ हिऱ्यांच्या जुन्या ढिगाऱ्यांतून उरलेसुरले वेचण्यासाठी पुन्हा दळलेला. शंभरावर घरांचे नुकसान झाले, माणसेही दगावली. त्यानंतरचे छायाचित्र मी पाहिले आहे. बांधापासून निघालेला करडा पट्टा घरांच्या रांगांतून कित्येक किलोमीटर गेलेला. शेणाने सारवताना हात घसरावा तसा. खालच्या रांगोळीचे ठिपके पुसलेले.

अशा वेळी मदतीला धावणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो, येथे घरे किती होती? तो प्रश्न फुटल्यानंतर विचारण्यापेक्षा आधी विचारलेला बरा. नकाशावर डोंगर वेगळा आणि वस्ती वेगळी असली, किंवा वस्ती नसलीच, तर तो कोणी विचारीत नाही.

आणि त्या देशात वस्ती नकाशावर नसणे हा नुसता निष्काळजीपणा नव्हता. खाणींचा पट्टा पूर्व-पश्चिम पसरलेला. त्याच्या उत्तरेला गोऱ्यांची टुमदार उपनगरे आणि दक्षिणेला, ढिगाऱ्यांच्या पलीकडे, काळ्या लोकांच्या वस्त्या. सोवेटो हे त्यांतले आपल्या ऐकण्यातले नाव. ढिगाऱ्यांची भिंतच करून टाकली होती म्हणा ना. वर्णभेदाच्या काळात जुन्या छापील नकाशांतून या वस्त्या पुष्कळदा गाळलेल्या असत, जेथे लाखो माणसे राहत तेथे. क्रुगर्सडॉर्पजवळ तर तुडॉर शाफ्ट नावाची वस्ती किरणोत्सर्गी राबाच्या ढिगावरच वसली होती. लोकांना तेथून हलविण्याचे काम पुष्कळ उशिरा सुरू झाले.

यात आपल्याही माणसांचा धागा आहे. १९०४ साली जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत प्लेग झाला. आधी आजारी पडले ते सोन्याच्या खाणीवर काम करणारे हिंदी मजूर. गांधीजी तेव्हा तेथे वकिली करीत. त्यांच्या सहकाऱ्याने एका रिकाम्या घराचे कुलूप फोडले आणि त्यांनी तेथे रोग्यांची शुश्रूषा केली. पुढे सरकारने सगळ्या वस्तीला शहराबाहेर क्लिपस्प्रुट येथे तंबूंत नेले आणि मागे राहिलेली घरे जाळून टाकली. वस्ती नकाशातून गेली. तीच क्लिपस्प्रुटची जागा पुढे सोवेटोचा भाग झाली. १९१२ साली आपले गोपाळराव गोखले त्या देशात गेले. जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान आणि थोडे मराठी हिंदू होते. त्यांना गोखल्यांचे मराठी भाषण ऐकावयाचे होते. गांधीजी म्हणाले, मी त्याचे हिंदुस्तानीत भाषांतर करीन. गोखले पोट धरून हसले, की तुम्ही मराठी कधी शिकलात? पण सभा झाली, भाषण मराठीत झाले. सोन्याच्या ढिगाऱ्यांच्या गावात!

आणि १९१३ चा ऑक्टोबर. ट्रान्सवालमधून निघालेल्या हिंदी बायका, बहुतेक तमिळ, काहींच्या कडेवर मुले, न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर गेल्या. गिरमिटिया मजुरांना त्यांनी तीन पौंडांच्या कराविरुद्ध काम थांबवायला सांगितले. मजुरांनी थांबविले. बायकांना तीन तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढे गांधीजींच्या मागून जो मोर्चा चालत निघाला त्यात २,०३७ पुरुष, १२७ बायका आणि ५७ मुले होती. मी न्यूकॅसलचा भाग उघडून पाहिला. जुन्या कोळसाखाणींचे काळे ढीग गवतातून डोके काढून आहेत. ते मी काढले. एवढे मात्र मनापासून, कोणी सांगितले नसताना.

आपल्या खजिनदारबाईंनी मला परवा विचारले, “पण आपल्या गावात गटार तुंबले आहे, त्याचा नकाशा कोण काढणार?” प्रश्न रास्त आहे. तो मी काढला आहे, आणि महानगरपालिकेस दिला आहे. गटार अजून तुंबलेलेच आहे. नकाशाने गटार वाहत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. पण तो कारकून आता मला “तेथे गटारच नाही” असे म्हणू शकत नाही.

दुसरी शंका माझी मलाच आहे, आणि तिचे उत्तर माझ्यापाशी पुरते नाही. घर नकाशावर आले की मदत येते, तशी जेसीबीही येऊ शकते. आणि खाणींची जुनी तोंडे? त्या देशात मालक सोडून गेलेल्या सुमारे सहा हजार खाणी आहेत. पोटासाठी माणसे चोरून त्यांत उतरतात. २०२५ च्या जानेवारीत स्टिलफोंटेन येथील बंद खाणीतून ७८ मृतदेह वर काढले गेले. पोलिसांनी बाहेरून वेढा घातलेला, वरून अन्नपाणी अडविलेले. असे उघडे तोंड छायाचित्रात दिसले तर काढावे की नाही? खेळता खेळता पोर आत पडू नये म्हणून काढावे, की कोणी तरी आत आहे म्हणून काढू नये? मी त्या आरोग्यसेविका बाईंना विचारले. त्यांनी लिहिले, पायवाट ताजी दिसली तर मला आधी विचारा. तेव्हापासून मी तसेच करते. इतक्या दूर बसून मला शहाणपण नको आहे. तेथे दर सोमवारी जाणारी बाई सांगेल ते मी लिहिते.

आता हे काम संपले असे समजू नका. त्या डोंगरांतील उरलेल्या सोन्यासाठी, टनाला एक ग्रामही भरत नाही इतक्या सोन्यासाठी, जुने ढिगारे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन पुन्हा दळायला नेतात. मी काढलेल्या डोंगराची एक बाजू नव्या छायाचित्रात नाहीशी झाली आहे. माझी रेघ आता हवेत लोंबते आहे. घरे मात्र एकशे साठच्या वर गेली. वस्तीला नाव आहे, ते बाईंनी कळविले. जिभेवर बसेना, म्हणून मी ते आधी वहीत पाच वेळा लिहून काढले, मग नकाशात घातले. नळाशेजारी बाईंनी आणखी एक ठिपका ठेवला आहे. दुसरा नळ. तो नकाशामुळे आला असे मी म्हणत नाही. तो आला एवढेच.

अध्यक्षीणबाईंनी मंडळाच्या मागच्या खोलीत दोन संगणक ठेवायला परवानगी दिली आहे. गुरुवारी तीन वाजता मी तेथे असते. यायचे त्यांनी चष्मा आणावा, पेन आणू नये. सावली दक्षिणेला पडते, एवढे घरून पाठ करून यावे. चहाचे खजिनदारबाईंना विचारा.